ढाप्याखालची नळी आणि भरलेली गल्ली: नालेसफाई कुणी, कधी आणि कशी करायची

मार्चपासून टँकरच्या फेऱ्या मोजणारं गाव सप्टेंबरात गुडघाभर पाण्यात उभं असतं, हे मराठवाड्याला नवं नाही. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता जिल्ह्यातल्या नद्यांना पूर आले. २०२५ च्या सप्टेंबरात तर धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे शेतंच्या शेतं खरवडून गेली. नदीच्या अशा पुरापुढे नगरपालिकेच्या नालीची मातब्बरी ती काय! पण शहरातल्या घरात जे पाणी शिरतं ते बहुतेक वेळा नदीचं नसतंच. ते गल्लीतलंच असतं, आणि ते जिथे अडलं ती जागा बहुधा पन्नास पावलांच्या आत सापडते.

आपल्याकडे नाली आठ महिने कोरडी किंवा भांड्याधुण्याच्या पाण्याने जेमतेम ओली असते. त्यामुळे ती नजरेत रिकामी जागा म्हणून भरते. कुणी तिच्यावर पायऱ्या काढतं, कुणी गाडी चढवायला उतार करतं, कुणी पानटपरी टेकवतं. कोकणात हे एका जूनमध्ये उघडं पडतं. इथे मात्र दोन वर्षं कमी पावसाची गेली की सगळ्यांना वाटतं, जमलं. तिसऱ्या वर्षी झड लागते.

पाणी किती आणि नाली किती

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारी भाषेत ती अतिवृष्टी. पिकांच्या पंचनाम्याला हे माप ठीक आहे. नालीला २४ तासांशी देणंघेणं नसतं, तिचा हिशोब तासाचा. हेच ६५ मिलिमीटर दिवसभर भुरभुर पडले तर नाली अर्धीही भरणार नाही. दीड तासात कोसळले तर ती ओसंडेल.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला की त्या एका गच्चीवरून साडेचार हजार लिटरच्या वर पाणी उतरतं. आता चाळीस घरांची गल्ली धरा, नाली एकाच बाजूला आणि मधला सिमेंटचा रस्ता वीस फुटी. सगळं मिळून तासाला साधारण २ लाख ४० हजार लिटर, म्हणजे सेकंदाला ६५ लिटर पाणी त्या नालीत येणार.

नाली दीड फूट रुंद, दीड फूट खोल, आतून सिमेंटची आणि दोनशे फुटांना एक फूट उताराची असेल, तर स्वच्छ असताना ती सेकंदाला सुमारे २३० लिटर पाणी नेते. गरजेच्या तिपटीहून जास्त. तळाला अर्धा फूट गाळ बसला की ही क्षमता ४० टक्क्यांनी घटते. गाळ निम्म्यापर्यंत आला की मूळच्या जेमतेम ४० टक्के उरते, म्हणजे ९५ लिटरच्या आसपास. अंदाजाला वाटतं त्यापेक्षा ही घट मोठी असते, कारण गाळ जागा तर खातोच, वर पाण्याचा वेगही कमी करतो. तरीही बघा, निम्मी भरलेली नालीसुद्धा या गल्लीचं ६५ लिटर पाणी कशीबशी नेते.

मग गल्ली भरते कशाने? एका घराने गाडीच्या उतारासाठी नालीत सहा इंची पीव्हीसी नळी टाकून वरून काँक्रीट ओतलेलं असतं, त्याने. दीड फुटी चौकोनी नालीचं तोंड ३२४ चौरस इंच, सहा इंची नळीचं २८. अशा अकरा-बारा नळ्या शेजारीशेजारी ठेवाल तेव्हा क्षेत्रफळ जुळेल. पाणी तुंबून दाब आला तरी ही नळी सेकंदाला वीस-तीस लिटरच्या पुढे जात नाही. आणि हा आकडा नळी पूर्ण मोकळी असतानाचा. तिच्या तोंडाशी एक दुधाची पिशवी आडवी बसली की संपलं. त्या घराच्या वरच्या बाजूची सगळी घरं पाण्यात, आणि उतारवालं घर कोरडं! भांडण का लागतं ते वेगळं सांगायला नको.

सफाई खालून वर

नालेसफाईतली सगळ्यात नेहमीची चूक कचरा राहून जाणं ही नव्हे. क्रम उलटा लागतो, ही आहे. सफाई सुरू व्हायला हवी ती नाला जिथे नदीला किंवा ओढ्याला मिळतो त्या तोंडापासून, आणि मग वर वर यायला हवं. वरची गल्ली आधी उपसली तर तिथला सुटा झालेला गाळ पहिल्या पावसात खालच्या मोरीत, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या वाटेत, जाऊन बसतो. फोटोत गल्ली चकाचक दिसते आणि पाणी मात्र गेल्या वर्षीपेक्षा लवकर तुंबतं. वरची नाली गुळगुळीत झाल्याने पाणी वेगाने खाली पोचतं, आणि खाली वाट बंद असते.

नाल्याच्या वाटेवर खरं काम करायच्या जागा थोड्याच असतात: रस्त्याखालच्या मोऱ्या, नळकांडी पूल, जाळ्या, आणि दोन नाल्या काटकोनात मिळतात ते वळण. मोठ्या नाल्याचा मोकळा भाग जेसीबी किंवा पोकलेन अर्ध्या दिवसात उपसतो आणि बिलही त्याचंच मोठं होतं. मोरीच्या पोटात मात्र यंत्राचा हात पोचत नाही. तिथे जेटिंग मशीनचा पाण्याचा झोत लागतो, नाहीतर दोन्ही तोंडांकडून लांब दांड्याच्या पंजाने ओढून काढावं लागतं. तीन फुटी सिमेंट पाइपच्या मोरीत फूटभर गाळ आणि तोंडाशी बेशरमीचं रान, हे चित्र कुठल्याही शहराच्या कडेला दिसेल. बेशरम नुसती छाटून भागत नाही. तोडलेली फांदी ओल्या गाळात पडली की पुन्हा फुटते, म्हणून मुळासकट उपटून लांब नेऊन वाळवायची.

मोरी साफ झाली की नाही हे बघायची साधी खूण: एका तोंडाशी वाकून दुसऱ्या तोंडाचा उजेड दिसतो का? पूर्ण गोल दिसला तर काम झालंय. खालचा भाग कापलेला, चंद्रकोरीसारखा दिसला तर आत गाळ आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

आता गाळाचं काय? शंभर मीटर लांबीच्या दीड फुटी नालीत अर्धा फूट गाळ असेल तर तो सात घनमीटर, म्हणजे अडीच ब्रासच्या आसपास भरतो. ओला असताना दहा टनांच्या वर. बारा लिटरचं घमेलं धरलं तर साधारण सहाशे घमेली. हे काम ज्यांना करावं लागतं त्यांच्या पायात गमबूट आणि हातात मोजे आहेत का, एवढं तरी बघावं. नालीत काच, ब्लेड, इंजेक्शनच्या सुया सगळं असतं. काढलेला गाळ एक-दोन दिवस काठावर निथळू द्यावा लागतो, नाहीतर ट्रॉलीतून रस्ताभर सांडतो. पण दोन दिवस म्हणजे दोनच. आपल्या काळ्या मातीचा चिकट गाळ ऊन खाऊन दगडासारखा होतो, मग त्याच्यावर दुचाकी लागते, ढोरं उभी राहतात, आणि मिरगाच्या पहिल्या सरीत तो विरघळून पुन्हा नालीत. उचलायला उशीर झालेली सफाई ही न झालेल्या सफाईपेक्षा वाईट, कारण तिचं बिल निघालेलं असतं.

दोनदा

पावसाळापूर्व नालेसफाई ३१ मेच्या आत उरकायची ही सगळीकडची रीत. मार्चमध्ये पाहणी, निविदा, एप्रिल-मेमध्ये काम. मुंबई-कोकणासाठी ते बरोबर आहे, तिथे जूनमध्येच धुवाधार लागतो. मराठवाड्यात पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, पेरणीपुरता पडतो, मग बऱ्याचदा जुलै-ऑगस्टमध्ये मोठा खंड देतो, आणि सप्टेंबरात बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचे पट्टे आले की दोन-तीन दिवसांत महिनाभराचं देऊन जातो. त्या खंडाच्या काळात नाली पुन्हा भरते. पहिल्या सरींनी रस्त्याकडेची माती, बांधकामाची वाळू, मोंढ्यातलं भुसकट आणि पोत्यांच्या चिंध्या धुऊन आणलेल्या असतात, आणि पुढे त्यांना ढकलायला जोराचं पाणी आलेलं नसतं. वर गवत उगवतं.

म्हणून इथे दुसरी फेरी हवीच, पोळ्याच्या सुमाराला, गणपती-गौरीच्या आधी. पहिल्या फेरीइतकी मोठी नको. मोऱ्या, जाळ्या आणि वळणं एवढंच, चार-सहा माणसांच्या टोळीचं आठवड्याचं काम. पालिकेच्या निविदेत हे बहुधा नसतं. प्रभागाच्या नगरसेवकाकडे काही मागायचंच असेल तर नव्या कमानीऐवजी हे मागावं.

एकच नाला, चार मालक

सार्वजनिक नाल्या बांधणं आणि साफ ठेवणं हे स्थानिक संस्थेचं बंधनकारक कर्तव्य आहे, मर्जीचं नाही. महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू, त्याच्या कलम ६३ मध्ये ही यादी आहे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ पासून जालना या महापालिका. बीड, धाराशिव, हिंगोली आणि तालुक्याच्या गावांत नगरपरिषदा, नगरपंचायती. त्यांचा कायदा १९६५ चा.

अडचण अशी की नाला कार्यालयांच्या हद्दी पाळत नाही. शहरातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाखालची मोरी महामार्ग प्राधिकरणाची किंवा बांधकाम विभागाची. रुळाखालची मोरी रेल्वेची; त्यातही संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात आणि लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. औद्योगिक वसाहतीतली नाली एमआयडीसीची, छावणीतली छावणी परिषदेची, हद्दीबाहेर पडली की ग्रामपंचायतीची. पालिका आपला तुकडा झाडून घेते आणि पाणी रुळाखाली अडतं. तेव्हा तक्रार लिहिण्याआधी नाल्याच्या काठाने उतारावर चालत जा आणि पाणी नेमकं कुठे अडतं ती जागा बघा. तिथला रस्ता कुणाचा हे पाटीवरून किंवा किलोमीटरच्या दगडावरून कळतं. अर्ज त्या कार्यालयाला, प्रत पालिकेला.

अर्जात 'आमच्या भागात नाल्या तुंबल्या आहेत' असं लिहिलं की तो फायलीत जातो. 'अमुक शाळेच्या पूर्वेच्या कोपऱ्यावरची पाइप मोरी, पश्चिम तोंड, निम्म्याच्या वर गाळ, तारखेसह फोटो जोडला आहे' असं लिहिलं की स्वच्छता निरीक्षकाला तिथे जावंच लागतं. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. काम झाल्याचं सांगितलं जातं पण दिसत नाही, अशा वेळी माहितीच्या अधिकारात दहा रुपये फी भरून त्या नाल्याच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत मागता येते. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. त्यात लांबी, रुंदी, गाळाची जाडी आणि घनमीटर लिहिलेले असतात. दोन फूट खोल नालीतून तीन फूट गाळ निघालेला कागदावर दिसला, तर पुढचं बोलणं सोपं होतं.

नांदेडची गोष्ट थोडी निराळी. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले आणि गोदावरी चढली की शहरातल्या नाल्यांची तोंडंच नदीच्या पाण्याखाली जातात. मग नाली कितीही स्वच्छ असो, पाणी पुढे न जाता मागे फुगतं. बीडला बिंदुसरेच्या, हिंगोलीला कयाधूच्या काठी कमीअधिक हेच. बीडकर १९८९ चा पूर अजून विसरलेले नाहीत. अशा फुगवट्याच्या भागात नालेसफाईपेक्षा घराच्या ड्रेनेज लाइनवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं आत येऊ न देणारी झडप, बसवून घेणं जास्त कामाचं. संडासची लाइन चार इंची असेल तर व्हॉल्व्हही त्याच मापाचा, आणि घराबाहेर, चेंबरच्या अलीकडे, झाकण उघडून साफ करता येईल असा. त्यातली झडप वर्षातून दोनदा धुतली नाही तर ती उघडीच अडकते आणि ऐन वेळी दगा देते.

घराच्या हद्दीतलं

मुलंबाळं परदेशी असलेल्यांना तिकडचा एक नियम ऐकून माहीत असेल. न्यूयॉर्कमध्ये दिवसा बर्फ पडायचा थांबला की चार तासांच्या आत घरासमोरच्या फुटपाथवरून चार फूट रुंद वाट मोकळी करणं घरमालकावर बंधनकारक आहे. रस्ता महापालिका साफ करते. आणि आपला बर्फ रस्त्यावर ढकलून द्यायला मनाई आहे. आपल्याकडे घरासमोरची सार्वजनिक नाली उपसायची सक्ती घरमालकावर नाही. पण ढकलून द्यायची मनाई इथेही आहे: घनकचरा नियमांत कचरा रस्त्यावर, नालीत किंवा पाण्यात टाकू नये असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि बांधकामाचा राडारोडा वेगळा ठेवायची जबाबदारी बांधणाऱ्याची आहे. ओटा झाडून कचरा नालीत लोटणं ही सवय इतकी जुनी आहे की ती कुणाला गुन्हा वाटत नाही. घंटागाडी येते नऊला, झाडू फिरतो सहाला, गडबड तिथेच आहे.

ढाप्याचं बघू. नालीवर ढापा टाकायला हरकत नाही, उलट मुलं-म्हातारी पडत नाहीत. फक्त तो उचलता आला पाहिजे. दोन फूट लांबीचे सुटे तुकडे, जाडी तीन इंच, प्रत्येकात दोन लोखंडी कड्या, म्हणजे दोन माणसं सळईने उचलू शकतात. सांधे सिमेंटने भरायचे नाहीत. अख्ख्या दर्शनी भागावर एकसंध स्लॅब ओतला तर पुढची वीस वर्षं त्याखालचा गाळ कुणी बघणार नाही. गाडीच्या उतारासाठी नळी टाकू नका, नालीच्या पूर्ण रुंदीवर सुटा ढापा किंवा लोखंडी जाळी टाका. आधीच नळी असेल तर ती फोडून काढण्याचा खर्च एका दिवसाच्या मजुरीचा असतो, भिजलेल्या सोफ्याच्या तुलनेत काहीच नाही.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे गच्चीचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडणं. प्लंबरला एक पाइप वाचतो म्हणून तो सर्रास असं करतो. ड्रेनेजची लाइन सांडपाण्यासाठी मापलेली असते. माणशी दिवसाला १३५ लिटर पुरवठा धरला तर त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे पाच माणसांच्या घराचं दिवसाला ५४० लिटर. जोरदार पावसाच्या एका तासात त्याच घराच्या गच्चीवरून साडेचार हजार लिटर उतरतात. आठ दिवसांचं सांडपाणी एका तासात त्या पाइपात घुसवल्यासारखं झालं. मग झाकणं उचलली जातात आणि उताराच्या शेवटच्या घरात संडासच्या भांड्यातून काळं पाणी वर येतं. त्या घराची यात काही चूक नसते, ते फक्त सखल जागी असतं.

हे पाणी चेंबरऐवजी जमिनीत सोडणं मराठवाड्यात तरी सोडून देण्यासारखं नाही. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ६५ हजार लिटर पाणी पडतं. थोडं वाया गेलं तरी पाच हजार लिटरचे दहा टँकर. शोषखड्डा खणताना एक गोष्ट सांभाळा: काळी माती भिजली की फुगते आणि पाणी अजिबात पिऊन घेत नाही. खड्डा तिच्यातून आरपार जाऊन मुरमाला लागला पाहिजे, मग तो पाच फुटांवर लागो की नऊ. तळाला मोठे दगड, मध्ये खडी, वर जाड वाळू. बोअरला पाणी सोडायचं असेल तर फिल्टरमधूनच, आणि पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडून. गच्चीवरची कबुतरांची घाण थेट बोअरमध्ये गेली तर ते पाणी पिण्याच्या कामाचं राहत नाही. वरचा वाळूचा थर दर उन्हाळ्यात खरवडून बदलावा, नाहीतर खड्डा म्हणजे नुसतं डबकं. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे करून उघड्या नाल्याच बंद केल्या आणि डासही कमी केले. शहरातल्या दाट गल्लीत हे जसंच्या तसं जमणार नाही, पण नव्या प्लॉटिंगमध्ये न जमायला काही कारण नाही.

सेप्टिक टँक भरत आला असेल तर मेमध्येच सक्शन गाडी बोलवा. पावसात जमीन भिजली की त्याचं पाणी मुरत नाही आणि ते नालीत येतं. कुणाला दोर बांधून आत उतरवू नका. आतला वायू दोन-तीन श्वासांत माणूस पाडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने असं काम करवून घेणं गुन्हा आहे. असा मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवलं.

माळवद

जुन्या भागात, गढीच्या, वेशीच्या आतल्या वस्तीत अजून माळवदाची घरं आहेत. तिथे पावसाची भीती नालीची नसते, डोक्यावरच्या वजनाची असते. लाकडी सरांवर, म्हणजे तुळयांवर, किलचा म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, त्यावर पाला आणि वर मातीचा थर. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे बरोबर एक ब्रास, कोरडी असताना साडेचार टनांच्या आसपास. झडीत भिजली की त्यात पाऊण-एक टनाची भर पडते. गळतंय म्हणून दर उन्हाळ्यात वरून पांढऱ्या मातीचा नवा थर घालायचा आणि जुना तसाच ठेवायचा, ही रीत घातक आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसं गेली ती मुख्यतः अशाच जड छपरांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. जितकी नवी माती चढवायची तितकी जुनी आधी खरवडून उतरवायची.

गवत कोवळं असतानाच उपटा. वाळल्यावर त्याची मुळं कुजून पाण्याला वाट करून देतात. पन्हळीत हात घालून बघा, तिथे हमखास चिमणीचं घरटं किंवा पतंगाचा कागद निघतो. ताडपत्री टाकली तर तिला एका बाजूला उतार द्या, मधोमध पाणी साचलं तर ती छपराला ओझंच. भिंतीचं पोट सुटणं, दार अचानक घासायला लागणं, सरांच्या टोकाशी मातीचा भुगा पडणं: यातलं एक जरी दिसलं तरी त्या खोलीत झोपायचं बंद. पालिकेकडे लेखी कळवा. महापालिका हद्दीत धोकादायक बांधकामाला कलम २६४ खाली नोटीस निघते आणि इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर बांधकाम तपासणीचा दाखला देणं मालकाचं काम आहे. भाडेकरू-मालक वाद कोर्टात पडून आहे म्हणून भिंत थांबत नाही.

पाऊस सुरू असताना

चेंबरचं झाकण उघडू नका. पाणी लवकर उतरावं म्हणून कुणीतरी ते उघडतं, मग गढूळ पाण्यात भोक दिसत नाही आणि चालणारा माणूस आत जातो. उघडं सापडलं तर त्यात उंच फांदी किंवा बांबू उभा करून लाल कापड बांधा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. विजेच्या खांबाला, त्याच्या ताणाला, पाण्यात उभ्या डीपीला हात नको. महावितरणचा नंबर १९१२. झाडाची फांदी तारेवर आली असेल तर स्वतः कोयता घेऊन चढू नका. तोडायला पालिकेच्या वृक्ष विभागाची परवानगी लागतेच, आणि तार बंद करायला महावितरणचा माणूस. नळकांडी पुलावरून पाणी वाहत असेल तर दुचाकी घालू नका, कारण कठडा नसलेल्या पुलाची कड गढूळ पाण्यात दिसत नाही. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७.

पाणी ओसरलं की भिंतीवर चिखलाची आडवी रेघ राहते. रंग देण्याआधी ती टेपने मोजा, उंबऱ्यापासून किती इंच, आणि तारीख लिहून ठेवा. शेजारच्या चार घरांच्या रेघाही मोजा. उतारावरून खाली चालत जाताना ज्या घरापाशी रेघ एकदम फूटभर खाली उतरलेली दिसेल, त्याच्या वरच्या अंगाचा ढापा उघडा. नळी तिथेच आहे.